वाडीतील भाजी आणि घरची चूल : राजोडीच्या निमित्ताने

वसई तालुक्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, आगाशी, सत्पाळे आणि कळंब या गावांच्या शेजारी राजोडी हे गाव आहे. समुद्राची वाळू संपते तेथूनच नारळ, केळी आणि भाजीपाल्याच्या वाड्या सुरू होतात. विहिरी व बावखले यांच्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला हा हिरवा पट्टा आहे. माठ, मुळा, चवळी, दुधी, वांगी, अळू यांच्या जुड्या आणि टोपल्या येथून मुंबईच्या बाजारात जातात. मुंबईकरांच्या ताटात ताजी पालेभाजी पडावी यासाठी वसईच्या वाडीवाल्याने आणि त्याहून अधिक त्याच्या घरधनिणीने जे कष्ट उपसले आहेत, त्यांचे योग्य मोल अद्याप झालेले नाही.

परंतु या पट्ट्यात फिरताना एक विसंगती डोळ्यांत भरल्यावाचून राहत नाही. ज्या घरातून पहाटे माठाच्या पन्नास जुड्या बाहेर पडतात, त्या घरातील मूल सकाळी चहात बुडवलेली बिस्किटे खाऊन शाळेत जाते. दुपारच्या डब्यात बटाट्याची भाजी असते आणि संध्याकाळी नाक्यावरचा वडापाव येतो. भाजी पिकते, विकली जाते, पण शिजत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले असते : “साहेब, वेळ कुठे आहे?” हे उत्तर खोटे नाही, आळसाचे तर मुळीच नाही. म्हणूनच या प्रश्नाचा विचार उपदेशाने करून भागणार नाही. तो हिशेबाने करावयास हवा. पिकाच्या खर्चाचा ताळेबंद मांडण्याची सवय आपण शेतकऱ्यांना लावतो, तसा घरातील वेळेचा ताळेबंद मांडून पाहिला पाहिजे.

वेळ जातो कोठे?

विरारहून मुंबईस जाणारी पहिली लोकल गाडी १८६७ साली सुरू झाली आणि १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली. त्या काळापासून या भागाचा दिवस आगगाडीच्या वेळापत्रकाला बांधला गेला आहे. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटरांचे आहे. राजोडीच्या माणसास आधी बसने किंवा रिक्षाने विरार अथवा नालासोपारा स्थानक गाठावे लागते आणि मग गर्दीतून गाडीत शिरावे लागते. भाजी वा फुले घेऊन जाणाऱ्या बाईला बाजार भरण्यापूर्वी पोहोचणे भाग असते. नोकरी करणाऱ्याला कचेरीची वेळ असते. अशा घराचा दिवस साधारणतः असा जातो : पहाटे तीन-साडेतीनला उठणे, आदल्या संध्याकाळी काढून पाणी शिंपडून ठेवलेल्या जुड्या बांधणे, चहा, डबे आणि गाडी. दुपारी परत आल्यावर जेवण, घटकाभर पाठ टेकणे, मग वाडीला पाणी, तण काढणे आणि पुन्हा दुसऱ्या दिवसाची तोडणी. स्वयंपाकाला जो वेळ उरतो तो दोन टोकांना उरतो, आणि त्या दोन्ही टोकांना अंग थकलेले असते.

हे केवळ राजोडीपुरते नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर केलेल्या वेळवापर पाहणीत असे दिसून आले की, घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास खर्च करतात. अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे देतात. आणि मुळात ती करणारे पुरुष शंभरांत अवघे २६ आहेत, तर स्त्रिया ८१. तेव्हा “घरी शिजवावयास वेळ काढा” हा सल्ला ज्या व्यक्तीला दिला जातो, तिच्याजवळच तो सर्वांत कमी असतो. या एका गोष्टीचा विसर पडल्यामुळे आहारविषयक प्रचाराची कितीतरी भाषणे वाया गेली आहेत असे आमचे स्पष्ट मत आहे.

गॅस, कुकर आणि मिक्सर आले, पाटा-वरवंटा मागे पडला, तरी वेळ का उरत नाही? कारण विस्तवाचा वेळ वाचला, पण हातांचा वाचला नाही. साध्या वरण, भात, भाजी व भाकरीच्या जेवणात प्रत्यक्ष शिजण्यास जेवढा वेळ लागतो त्याहून अधिक वेळ निवडणे, धुणे, चिरणे, सोलणे, वाटणे आणि शेवटी भांडी घासणे यांत जातो. या पूर्वतयारीच्या कामांचे एक वैशिष्ट्य असे की, ती वेगळ्या वेळी करता येतात आणि वेगळ्या माणसांनीही करता येतात. चुलीपुढे उभी असलेली व्यक्ती एक असली तरी चालते. शेंगा सोलणारे हात चार असू शकतात.

काय पणाला लागले आहे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांत आणि सहा महिने ते पाच वर्षांखालील बालकांपैकी ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. पहाटे तीनला उठून डोक्यावर टोपली घेणाऱ्या बाईला दम लागतो, चक्कर येते, ती “उन्हाने झाले” म्हणून सोडून देते. शाळेत मूल पेंगते, त्याला मास्तर सुस्त ठरवितात. यांतील सगळेच काही आहाराने बरे होणारे नसते. रक्ताची तपासणी करून घेणे आणि आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या नेमाने घेणे हे प्रथम कर्तव्य आहे. परंतु गोळी संपल्यावर पुढे काय, याचे उत्तर ताटातच शोधावे लागते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाजी खावी. वाडीवाल्याच्या घरी हे अशक्य असू नये.

वालाचे उदाहरण

आपल्या किनारपट्टीचे आवडते धान्य म्हणजे वाल. भातानंतरच्या ओलीवर येणारे हे पीक. शंभर ग्रॅम कोरड्या वालात २० ग्रॅमांहून अधिक प्रथिने असतात. वालाचे बिरडे न आवडणारा माणूस या भागात विरळा. तरीही ते आता सणासुदीला, लग्नाकार्याला किंवा पाहुणा आला तरच होते. कारण उघड आहे. वाल रात्रभर भिजवावे लागतात, मग उपसून फडक्यात बांधून दिवसभर, थंडीत दीड दिवस, मोड येण्यासाठी ठेवावे लागतात आणि त्यानंतर कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलावा लागतो. ऐन वेळी ठरवून बिरडे होत नाही.

आता हेच काम हिशेबाने पाहू. भिजण्याच्या आठ-दहा तासांत आणि मोड येण्याच्या चोवीस तासांत माणसाचा वेळ जवळजवळ जात नाही. वाल आपले आपण काम करीत असतात. हात लागतात ते फक्त सोलण्याला. पाव किलो वाल सोलण्यास एकट्या व्यक्तीला अर्धा तास लागत असेल, तर चौघांना दहा मिनिटांहून कमी पुरतात. मुलांना तर चिमटीत दाबून डाळिंबी उडविण्याची गंमत वाटते. थोडे दाणे घरभर जातात, त्याला इलाज नाही. म्हणून आमची सूचना अशी की, वाल पाव किलोचे नव्हे, एकदम किलोचे भिजवावेत. भिजून, मोड येऊन ते सुमारे दुप्पट होतात. रात्रीच्या जेवणानंतर सर्वांनी मिळून सोलावेत आणि एका वेळेला पुरतील असे चार भाग करावेत. एक भाग दुसऱ्या दिवशी शिजवावा, एक शीतकपाटात ठेवून दोन दिवसांत संपवावा, उरलेले बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. तेथे ते काही आठवडे टिकतात. अशा रीतीने महिन्यातून एक संध्याकाळ खर्च केल्यास चार वेळा बिरड्याचे जेवण होते आणि प्रत्येक वेळी चुलीपुढे लागणारा वेळ वीस-पंचवीस मिनिटांवर येतो. शीतकपाट नसेल तर अर्धा किलोच भिजवावेत आणि शेजारच्या घराशी वाटा करावा.

मोड आणण्यात केवळ चवीचा भाग नाही. कडधान्यातील लोह शरीराला लागू न देणारा फायटिक आम्ल नावाचा घटक भिजविण्याने व मोड आणण्याने कमी होतो आणि क जीवनसत्त्व नव्याने तयार होते. मूग, मटकी, चवळी यांनाही हेच लागू आहे, आणि त्यांना सोलण्याचा व्यापही नाही. मात्र कडधान्य लवकर शिजावे म्हणून खाण्याचा सोडा घालण्याची चाल पडत आहे ती टाळावी. सोड्याने ब-१ जीवनसत्त्व नाश पावते. भिजवलेल्या धान्याला सोड्याची गरजही पडत नाही.

पेंढ्याची पेटी

ज्या घरात भात पिकतो तेथे पेंढा असतो, आणि जेथे पेंढा असतो तेथे विनाखर्चाचा स्वयंपाकी असतो असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ही युक्ती जुनी आहे. परदेशांत महायुद्धांच्या काळात इंधनटंचाईमुळे तिचा मोठा प्रसार झाला होता. गॅस आल्यावर ती मागे पडली. परंतु तिचा खरा उपयोग इंधन वाचविण्यापेक्षाही माणूस मोकळा करण्यात आहे.

भांड्याभोवती सर्व बाजूंनी चार-चार बोटे, शक्य तर वीतभर, जागा राहील एवढे लाकडी खोके किंवा जुना करंडा घ्यावा. तळाशी कोरडा पेंढा दाबून भरावा. मधोमध भांडे ठेवून भोवती पेंढा ठासावा, म्हणजे भांड्याच्या आकाराचे घरटे तयार होते. पेंढा सुटून अन्नात पडू नये म्हणून घरट्याला जुन्या स्वच्छ लुगड्याचे अस्तर लावावे. वरून झाकण्यासाठी पेंढा भरलेली जाड उशी शिवावी. पेंढा दमट असेल तर उष्णता टिकत नाही; पावसाळ्यात हा दोष विशेष आढळतो, म्हणून पेटी अधूनमधून उन्हात टाकावी.

भातासाठी पाणी नेहमीपेक्षा किंचित कमी घ्यावे, कारण वाफ बाहेर जात नाही. धुतलेले तांदूळ घालून घट्ट झाकणाखाली खळखळून पाच मिनिटे उकळू द्यावेत आणि झाकण न काढता भांडे तडक घरट्यात ठेवून उशीने झाकावे. तासाभरात भात मोकळा शिजतो. खाली लागत नाही, उतू जात नाही. अर्धा तास भिजवलेली तूरडाळ पंधरा मिनिटे उकळून ठेवल्यास दोन ते अडीच तासांत मऊ होते. भांडे मोठे व भरलेले असावे. अर्धवट भरलेले लवकर निवते. दोन पथ्ये मात्र कसोशीने पाळावीत. एक, मासे व मटण या पेटीत शिजवू नये. दुसरे, अन्न चार तासांहून अधिक वेळ पेटीत ठेवू नये आणि वाढण्यापूर्वी ते कोमट झालेले आढळले तर पुन्हा उकळावे. अन्नाची उष्णता ६० अंश सेंटिग्रेडच्या खाली उतरली की जंतूंची वाढ होऊ लागते, हे त्याचे कारण.

वाडीला पाणी द्यावयास जाताना भात पेटीत ठेवला की परत आल्यावर तो तयार. कुकरवर शिट्ट्या मोजीत कोणी बसावे लागत नाही. कुकर असलेल्या घरांनीही त्यात केवळ भात न लावता भात, डाळ आणि दुधी किंवा भोपळ्याच्या फोडी असे तीन डबे एकावर एक लावण्याची सवय ठेवावी. एकाच विस्तवावर तिन्ही होतात.

पालेभाजी

पालेभाजी निवडण्याचा कंटाळा हे ती घरात न शिजण्याचे मोठे कारण आहे. वास्तविक जुडी बांधतानाच ती निवडली जात असते. बाजारासाठी जुड्या बांधताना घराची एक जुडी शेवटी उरली तर घ्यावयाची, असा आज प्रघात आहे. तो उलटा करावा : पहिली जुडी घराची, तीही मुळे कापून, पिवळी पाने काढून, ओल्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवावी. एका जुडीच्या किमतीने बाजारचा हिशेब कोसळत नाही. पाला आधी धुवावा आणि मग चिरावा. चिरून धुतल्यास जीवनसत्त्वे पाण्याबरोबर वाहून जातात. आदल्या रात्री निवडून ठेवण्यास हरकत नाही, चिरून ठेवू नये. माठाला शिजण्यास दहा मिनिटे पुरतात. वाढताना वर लिंबू पिळले तर भाजीतील लोह अधिक प्रमाणात अंगी लागते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जाते. तेव्हा चहा तासाभराने घ्यावा. भाजी लोखंडी कढईत केल्यास थोडे लोह कढईतूनही मिळते. कोकम घातल्यावर कढईत रस्सा काळसर दिसतो म्हणून काही भगिनी नाके मुरडतात. शिजल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढल्यास तो तितकासा काळवंडत नाही.

ज्यांची वाडी विकली गेली आहे किंवा बांधकामाखाली गेली आहे, अशांची संख्या वसई-विरार परिसरात थोडी नाही. त्यांनी न्हाणीच्या पाण्यावर चार हात जागेत परसबाग करावी. माठ पेरल्यापासून पंचवीस-तीस दिवसांत पहिला खुडा मिळतो; म्हणून सगळे बी एकदम न पेरता दर पंधरवड्यास एक वाफा पेरावा. न्हाणीच्या पाण्याजवळ केळी व अळू लावावे आणि पालेभाजीला साधे पाणी द्यावे. कुंपणाशी एक शेवगा असावा. त्याची शेंग आपण खातो, पण पाला तितकाच मोलाचा आहे. किनाऱ्याजवळच्या वाळूमिश्रित जमिनीत मेथी दाट पेरून बोटभर वाढल्यावर उपटली की निवडण्याचे कामच उरत नाही; मुळे छाटून, भरपूर पाण्यात वाळू धुऊन ती थेट कढईत टाकता येते.

पूर्वीचे तयार अन्न

पाकिटातील खाऊ आला तो तयार मिळतो म्हणून. परंतु तयार अन्नाची कल्पना आपल्याकडे नवी नाही. आगाशीची सुकेळी एके काळी सर्वदूर प्रसिद्ध होती. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्येही तेथील सुक्या केळ्यांचा उल्लेख आढळतो. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून सुमारे आठवडाभर उन्हात वाळवितात आणि केळीच्याच सुक्या पानांत बांधून ठेवतात. शाळेच्या दप्तरात टाकावयास याहून सोयीचा खाऊ कोणता? आता ती मोजक्याच घरांत होते. बाटली मसाला हीसुद्धा वेळेची साठवणच होय : उन्हाळ्यात एकदा खपून भाजून-कुटून ठेवलेला मसाला वर्षभर रोजचे वाटण वाचवितो. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वाळणारे बोंबील आणि जवळा पावसाळ्यातील निकडीच्या वेळी पंधरा मिनिटांत कालवण देतात. या वस्तू बचतगटांनी करून गावातच विकल्यास घरोघर होणारे श्रम वाचतील. सोललेले बिरडेही बचतगटाला विकण्याजोगे आहे.

उरलेल्या भाताबद्दल एक शब्द. तो रात्रभर उघड्यावर ठेवून सकाळी फोडणीस टाकण्याची पद्धत धोक्याची आहे. भातातील काही जंतू असे विष तयार करतात की ते पुन्हा तापविण्याने नाहीसे होत नाही. दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवता येत असेल तरच ठेवावा, एरवी बेताचाच शिजवावा.

पुरुषांची वाटणी

या लेखाचा वाचक बहुधा पुरुष असेल, म्हणून हे स्पष्ट लिहिणे अगत्याचे वाटते. वर सांगितलेली प्रत्येक युक्ती अखेर घरातील एकाच व्यक्तीच्या माथी मारली, तर तिचा वेळ वाचण्याऐवजी आणखी एक काम वाढेल. पेटी तयार करणे, वाल भिजत घालणे, नारळ फोडून खवणे, मासळी साफ करणे, भांडी घासणे यांत पुरुषाला न जमण्यासारखे काय आहे? लग्नाच्या मांडवात शंभर माणसांचा भात पुरुषच उतरवितात. घरी चार माणसांचा कुकर लावताना त्यांचे हात का अडखळावेत हे समजत नाही. जी बाई पहाटेच्या गाडीने बाजारास जाते तिच्या घरी सकाळची न्याहारी ही घरी राहणाऱ्याची जबाबदारी असावी. नाचणीची आंबील रात्री कालवून ठेवली तर सकाळी केवळ शिजवावयाची असते. घावनांचे पीठही तसेच. दहा-बारा वर्षांचे मूल, मग ते मुलगा असो वा मुलगी, शेंगा सोलणे आणि कोथिंबीर निवडणे सहज करू शकते.

कार्यकर्त्यांसाठी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय हाती घेताना प्रथम पाच-सहा घरांचे दिवसभराचे वेळापत्रक घरच्या माणसांकडूनच लिहून घ्यावे. कोण किती वाजता उठतो, विस्तव कितीदा पेटतो, डबे किती आणि ते कोण भरतो एवढे विचारले तरी पुरे. या नोंदी मोठ्याने वाचून दाखविल्या की चर्चा आपोआप सुरू होते आणि पुरुषमंडळी थोडी अस्वस्थ होतात. ते चांगले लक्षण आहे. प्रात्यक्षिक दुपारच्या विश्रांतीच्या तासात ठेवू नये. तो तास त्यांचा आहे. पेंढ्याच्या पेटीचे प्रात्यक्षिक अंगणवाडीत किंवा देवळा-चर्चच्या पटांगणात संध्याकाळी ठेवावे. भात सर्वांसमोर पेटीत ठेवावा, तासभर परसबागेची माहिती सांगावी, बियाण्यांची पाकिटे वाटावीत आणि मग झाकण काढून तोच भात वाढावा. अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या यांना आधीपासून बरोबर घ्यावे. कोणत्या घरी रक्तक्षयाची तक्रार आहे हे त्यांना ठाऊक असते, आणि कोणत्या घरात संध्याकाळी चूल पेटत नाही हेही.

अधिक माहितीसाठी डहाणू तालुक्यातील कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा. परसबागेसाठी पावसाळी माठ, भेंडी, चवळी आणि दुधी यांचे बी पावसापूर्वीच घरात आणून ठेवावे. वाफे गादीसारखे उंच करावेत, कारण किनाऱ्यावरील पहिल्या जोराच्या पावसात सपाट वाफ्यातील बी वाहून जाते. वालासाठी मात्र भात निघेपर्यंत थांबावे लागेल.